पत्र्याच्या डोक्यातला आवाज

दत्ता, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. घाटावरची माणसं म्हणाली, समाधानानं गेला, काही राहिलं नव्हतं मागे. मी नीरेच्या पाण्याकडे बघत होतो. तुझं पुष्कळ काही राहिलं होतं. कावळ्याला काय माहीत आणि त्या माणसांना तरी काय माहीत!

गेल्यापासून तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतायत. तुझ्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभं राहून लोक सांगतात, कसला कलाकार माणूस, मेलेला टीव्ही जिवंत करायचा. ते खरंच आहे. आमचा गावाकडचा रेडिओ तू तीनदा घरी येऊन दुरुस्त केलास आणि एकदाही कुरकुर केली नाहीस. पण मी तुझ्यावर रागावलेलो आहे. चांगलं बोलायला गाव आहे. हे लिहायला मात्र माझ्याशिवाय कुणी नाही.

तुझ्या व्हिडिओच्या खोलीपासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. भोरच्या एसटी स्टँडमागे, खिडक्यांना गोणपाट लावलेली खोली, एक टीव्ही, खाली सतरंज्या. तू परदेशी सिनेमे लावायचास, हिंदीत बोलणारे. त्यातही तुला एकच जात आवडायची: ज्यात यंत्राला अक्कल येते. कधी ते लाल डोळ्यांचं पत्र्याचं धूड असायचं, कधी नुसता भिंतीतून येणारा आवाज. मध्यंतरापर्यंत ते मालकाचं ऐकायचं, मग एकदम फिरायचं आणि म्हणायचं, आता तुम्ही माझं ऐका. त्या जागेला तू सतरंजीवर मांडी ठोकून म्हणायचास, "बघ! बघ कसं फिरलं!"

मी तेव्हा नुकताच पतसंस्थेत लागलो होतो. दिवसभर बेरजा, संध्याकाळी तुझे रोबो. मी तुला विचारलं होतं, "याला राज्य कशाला पाहिजे रे? जेवायचं नाही, झोपायचं नाही, पोरांची लग्नं करायची नाहीत. राज्य करून मिळवायचं काय?"

"ओ आकडेशेठ," तू म्हणालास, "समद्याला हिशेब नसतो. आक्कल आली की इच्छा येतीच."

"माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरला माझ्यापेक्षा वेगानं गुणाकार येतो. त्याला अजून चहाचीसुद्धा इच्छा झालेली नाही."

"त्याला तू कधी इचारलंस?"

खोलीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. तुझ्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. हरलास तरी हसवून जायचास.

मग तू स्वतःच एक यंत्र बनवलंस. टीव्हीची बाद खोकी, कुठल्याशा टेम्पोचे मागचे लाल दिवे, छातीवर लुकलुकणाऱ्या बल्बांची रांग, डोक्याला पत्र्याचा डबा आणि पोटात टेपरेकॉर्डर. कानाला लावायला हेडफोन. बाजूला पाटी: कॉम्प्युटर रोबो, आपले भविष्य सांगेल. असली यंत्रं तेव्हा मोठ्या जत्रांत यायला लागली होती. तू एक कुठंतरी पाहिलंस आणि दोन महिन्यांत आपलं उभं केलंस. हाताची करामत म्हणून मला तेव्हाही कौतुक होतं, आजही आहे.

पहिल्यांदा तू ते वेल्ह्याच्या जत्रेत नेलंस. आमचं मूळ गाव पासली, तिथून माणसं चालत आली होती, माझे वडील, आई, बहीण शालन, सगळी. तुझ्या रोबोसमोर जी रांग लागली ती पाळण्यालाही नव्हती. पण ती रांग कसली होती हे तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. आमच्या डोंगराकडची माणसं देवीला कौल लावतात. मूर्तीला तांदळाचे दाणे चिकटवायचे, प्रश्न मनात धरायचा. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. आणि एकदा लावलेला कौल पुन्हा लावायचा नाही. मिळालं ते मिळालं. देवळातून निघालेली तीच माणसं तुझ्यासमोर येऊन चपला काढून बसत होती. सिनेमात शहरातली माणसं यंत्राला बघून पळतात. आमच्या माणसांनी दुपारपर्यंत तुझ्या रोबोच्या पत्र्याच्या पायांना हळद-कुंकू लावलं होतं. एका बाईनं नारळ ठेवला.

"दत्ता, हे थांबव," मी म्हणालो. "यांना सांग की आत टेप आहे."

"आरं, मजा हाय ती. सिनेमाला जाऊन कुणी इचारतं का, पडद्यामागं कोन हाय?"

"ही माणसं सिनेमाला आलेली नाहीत. ती कौल घ्यायला आलीत."

तू खांदे उडवलेस आणि मागच्या कापडाआड जाऊन बसलास.

शालन त्या वर्षी परिचारिकेच्या प्रशिक्षणाला पुण्यात जाणार होती. निवड झाली होती. पासलीहून अशी निघालेली ती पहिली मुलगी. वडिलांचं मन वळवायला मला पावसाळाभर खपावं लागलं होतं, वसतिगृह दाखवून आणलं, तिथल्या बाईंशी त्यांची गाठ घालून दिली, तेव्हा कुठं ते म्हणाले, "जाऊ द्या मग." जत्रा झाली की आठवड्यात ती जाणार, असं ठरलं होतं. पत्र्याची पेटी रंगवूनसुद्धा झाली होती.

दिवस कलताना ती तुझ्या रोबोसमोर बसली. हेडफोन लावला. मी जरा लांब, गूळ-शेवेच्या दुकानाशी होतो, त्यामुळे तिचा चेहरा दिसला, आवाज अर्थातच तिला एकटीलाच. आधी ती हसत होती. मग हसू थांबलं. हेडफोन काढून तिनं नीट खाली ठेवला आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, "म्या पुण्याला जात न्हाई."

"का?"

"मशीन जाऊ नगं म्हणालं."

मी समजावलं, ओरडलो, शेवटी म्हणालो, चल, उद्या पुन्हा बसू, उद्या ते जा म्हणेल. ती म्हणाली, "कौल दोनदा लावत न्हाईत, दादा." वडिलांना तर हवंच होतं. ते म्हणाले, "देवीच्या दारात मिळालंय ते. मोडू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जत्रेत परत गेलो. तुला आठवत असेल, तू दात काढून म्हणाला होतास, "आकडेशेठ बी आले का भविष्य बघाय!" मी पैसे टाकत गेलो आणि ऐकत गेलो. टेपवर सात भविष्यं होती, एकामागून एक. 'हे बालक, तुझे ग्रह उत्तम आहेत.' 'हे बालक, परदेशगमनाचा योग आहे.' 'हे बालक, शत्रूपासून सावध.' आठव्यांदा पहिलं पुन्हा आलं. मी आणखी एक फेरी पूर्ण ऐकली, चूक नको म्हणून. जाऊ नको असं सांगणारं एकही भविष्य त्या टेपवर नव्हतं.

मी कापड बाजूला करून आत आलो. "शालनला काय ऐकवलंस?"

"म्या? मशीननं ऐकवलं."

"मशीनमध्ये सात आहेत. ते त्यात नाही."

तू माझ्याकडे बघितलंस, मग वायरींकडे. आणि म्हणालास, "मशीन शिकतं, बाबा. सिनेमात न्हाई का, आपलं आपुन शिकत जातं. कुणाला काय सांगायचं त्याचं त्याला कळतं."

दत्ता, तुझ्या सगळ्या खोट्यांत हे मला सर्वांत जास्त लागलं. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघतो. पतसंस्थेच्या खिडकीवर बसल्यावर ती पहिली शिकवणूक मिळते. पण तुझ्या खोलीत बसून मी वर्षानुवर्षं ज्या गोष्टीशी वाद घालत होतो, नेमकी तीच तू माझ्यापुढे ढालीसारखी धरलीस. त्या सिनेमांत निदान यंत्र स्वतःच्या नावावर अपराध घेतं. तू माणसाचा अपराध पत्र्याच्या नावावर टाकलास. मी म्हणालो, "तू हरामखोर आहेस." तू म्हणालास, "मशीननं केलं त्याला म्या काय करू?" बाहेर रांग उभी होती. ती ऐकत होती.

त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं बंद केलं.

एवढं असूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. वडिलांना झटका आला तेव्हा आम्ही पासलीत होतो, पाऊस होता, गाडी मिळत नव्हती. कुणी तुला निरोप दिला ते मला आजही माहीत नाही. तू किकवीच्या तुझ्या चुलत्याचा टेम्पो घेऊन घाटानं वर आलास. मागे गादी घातली होतीस, वरून ताडपत्री. वडिलांचं डोकं शालनच्या मांडीवर होतं, मी शेजारी, आणि सगळ्या वाटेत तू एक शब्द बोलला नाहीस. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. वडील त्यानंतर चार वर्षं जगले. ती चार वर्षं मी तुझ्या खात्यावर लिहितो. त्यात एक दिवसही कमी करत नाही.

तेव्हापासून आपण पुन्हा बोलू लागलो. भोरच्या बाजारात भेट व्हायची, चहा व्हायचा. पण ते प्रकरण बंद पेटीसारखं मध्ये असायचं, आणि त्याच्या वरून आपण जुनाच वाद चालू ठेवला.

वादाला माझ्याकडे आता पुरावाही होता. आमच्या पतसंस्थेत खरा कॉम्प्युटर आला. हार घातला, नारळ फोडला, बूट काढून आत जायचा नियम झाला. ऑपरेटरनं सभासदांची नावं भरताना कोंडिबाच्या जन्मसालात एक आकडा चुकवला. दुसऱ्या दिवशी छापील कागद आला: कोंडिबा, सभासद, वय वर्षे सात, अज्ञान, पालकाची सही आवश्यक. सत्तरी उलटलेला कोंडिबा खिडकीवर काठी टेकून उभा होता. म्हणाला, "पालक कुठनं आणू सायेब? दोगंबी वर गेल्यात."

ते मी तुला सांगितलं तेव्हा चहा तुझ्या नाकात गेला होता.

"हे बघ तुझं राज्य करणारं यंत्र," मी म्हणालो. "ते कोंडिबाच्या विरुद्ध नव्हतं, बाजूनंही नव्हतं. त्याला कोंडिबा माहीतच नव्हता. समोर टेकलेली काठी दिसली नाही, दाढी दिसली नाही. त्याला सांगितलं सात, त्यानं धरलं सात. आणि ऑपरेटर काय म्हणाला माहितेय? कॉम्प्युटर चुकत नाही, काका, तुम्ही पालक आणा. तुझ्या सिनेमावाल्यांना भीती कशाची, तर यंत्र माणसाचं ऐकेनासं होईल याची. मला भीती त्या ऑपरेटरची वाटते. त्याच्या हातात आता यंत्र आहे आणि त्याला कुणाकडे बघायची गरज उरलेली नाही."

तू हसायचा थांबलास. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालास, "चहाचं म्या देतो."

शालन पुढे भोरला आली, माझ्याकडे राहिली. बालवाडीत लागली, मुलांचं छान करते. स्थळं आली, तिनं एकेक करून परतवली. मला वाटायचं, पुण्याची गोष्ट मोडल्यापासून तिचं मनच उठलंय. मुलांच्या गुडघ्याला पट्टी बांधताना तिचे हात मी बघायचो. ते हात रुग्णालयात असायला हवे होते. दरवेळी तुझा पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे यायचा.

शेवटच्या आजारात मी तुला दवाखान्यात भेटायला आलो, ते चौकशीला आलो असं तुझ्या भावाला वाटलं. मी उत्तर घ्यायला आलो होतो. भाऊ औषध आणायला गेल्यावर मी खुर्ची ओढली.

"दत्ता, आता तरी सांग. शालनला ते कोण म्हणालं?"

तू छताकडे पाहिलंस. ओठ हलले. मी वाकलो.

"मशीन," तू म्हणालास.

मी उठून आलो. चार दिवसांनी तू गेलास.

दहाव्यानंतर तुझ्या भावानं मला दुकानात बोलावलं. भंगारवाला यायचा होता, आत काही कामाचं आहे का, ते बघून सांगा म्हणाला. रोबो कोपऱ्यात होता, पायांवरचं कुंकू अजून पुसट दिसत होतं. मी मागचा पत्रा खोलला. टेपरेकॉर्डर, त्यातली कॅसेट. आणि टेपरेकॉर्डरच्या बाजूनं निघालेली एक वेगळी वायर, तिच्या टोकाला छोटा माईक, कापडाआड बसणाऱ्याच्या हाताशी येईल असा. एक खटका खाली केला की टेप बंद, माईक चालू. मी ते तीनदा करून बघितलं. हेडफोनमध्ये माझाच आवाज आला, डब्यात बोलल्यासारखा.

म्हणजे ते तू बोललास. टेप नाही, यंत्र नाही, तू. इतक्या वर्षांचा माझा आरोप हातात पुरावा होऊन लोंबत होता. तो माईक घेऊन मी तसाच घरी आलो. शालन ओसरीवर मेथी निवडत होती.

"हे बघ," मी म्हणालो. "तुला फसवलं त्यानं. मशीन नव्हतंच ते. दत्ता बोलत होता."

तिनं माईककडे पाहिलं. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासनं. तिथंच कळलं."

"कसं?"

"समद्यांना ते बालक म्हणायचं. माज्या आदी आईनं ऐकलं, तिला बी बालकच म्हणालं, 'मला बालक म्हणतंय' म्हणून आई आमच्याकडं बगून हसली बी. मला म्हणालं, 'जाऊ नगंस. हितंच ऱ्हा.'" ती काड्या गोळा करत राहिली. "असं मशीन बोलतंय व्हय?"

मी जोत्यावर बसलो. "मग तू मशीनचं नाव का सांगितलंस?"

"त्याचं नाव सांगितलं असतं तर तू त्याला जित्ता ठेवला असतास का?"

"आणि पुणं? अगं, ते खोटं आहे हे कळत होतं तर जायचं नाही का?"

"मशीन बोललं असतं तर म्या गेले असते, दादा. तो बोलला म्हणून ऱ्हायले."

दत्ता, एवढी वर्षं मी चुकीच्या कलमाखाली तुझ्यावर आरोप ठेवला होता. माझं म्हणणं होतं की एका भोळ्या मुलीला तू यंत्राच्या भुलीनं अडवलंस. ती भोळी नव्हती. त्या जत्रेत यंत्र बघायला न गेलेली बहुधा ती एकटीच होती. आरोप आता बदलतो, आणि तो आधीपेक्षा जड आहे. तू तिला राहा म्हणालास. ती राहिली. मग तू आला नाहीस.

माझ्याच तोंडून तुझी बाजू निघाली, हे तुला सांगायला मला आवडत नाही. मी शालनला म्हणालो, कदाचित त्याला वाटलं असेल, तू कौल म्हणून ऐकलंस. देवीच्या दारात आपण काय करून बसलो, या लाजेनं आला नसेल. आणि आमचं बोलणंही बंद होतं.

"लाज वाटली आसंल," ती म्हणाली. "मला न्हवती का? आणि तुमचं भांडण कारण सांगू नगंस. बा आजारी पडले तवा भांडणातच आला की टेम्पो घेऊन. यायला येत हुतं त्याला. बोलाय तेवढं येत न्हवतं."

मी माईकची वायर गुंडाळली.

"म्या दरसाल जायची जत्रेला," ती म्हणाली. "तू आईला घेऊन देवळात गेलास की रांगेत हुभी ऱ्हायची. पैसं टाकून बसायची."

"कौल दोनदा लावत नाहीत म्हणालीस ना तू?"

"कौल न्हवताच तो. मग ऐकाय काय हरकत?"

"मग? काय म्हणायचा?"

"बालक म्हणायचं. ग्रह उत्तम हाईत." तिनं निवडलेली मेथी पाटीत टाकली. "कापडाखालनं त्याचं पाय दिसायचं. आत बसलेला असायचा. टेप संपंस्तवर म्या बसायची, मग उठायची."

दत्ता, ती समोर बसलेली तुला कापडाच्या फटीतून दिसत होती. माईक हाताशी होता, तो खटका तुझ्या बोटाखाली होता. तू टेप चालू दिलीस. एका वर्षी नाही, दरवर्षी. तुझ्या सिनेमांनी तुला यंत्राचं माणूस होणं एवढंच दाखवलं. त्याच्या उलट काय असतं ते त्या कापडाआड बसून तू केलंस, आणि ते करायला कसलीही अक्कल लागली नाही.

मी शालनला विचारलं, त्यानं काय बोलायला हवं होतं? लग्नाचं?

ती विचार करून म्हणाली, "येवढं बी न्हाई. नावानं हाक मारली आसती तरी चाललं आसतं."

शालन. तीन अक्षरं आहेत, दत्ता.